उजवीकडची सीट

धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. वय पंचेचाळीसच्या पुढे गेलं, कपाळाशी पांढरे केस दिसायला लागले, पंख्यांच्या कारखान्यात तिच्या हाताखाली शिकलेली पोरं मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली, तरी घरात काय आणि धावपट्टीवर काय, ती धाकटीच राहिली. कारण थोरला होता. आणि थोरला असा होता की त्याच्या शेजारी कुणीही उभं राहिलं तरी धाकटंच दिसावं.

थोरला म्हणजे दादा. तो विमान शिकवायचा. शहराबाहेर एक लहानशी धावपट्टी होती, तिथल्या क्लबात जुनी, जड, तेल गळणारी विमानं होती आणि त्यांत शिकणारा पुढे, शिकवणारा त्याच्या मागे बसायचा. दादाचा सगळा राग त्या बसण्यावर.

"मागून मला काय दिसतं? मान!" तो जेवताना घास हातात धरून सांगायचा. "घाबरलेल्या माणसाची मान आणि बेफिकीर माणसाची मान सारखीच दिसते, बारके. तोंड दिसलं पाहिजे. शेजारी बसून शिकवलं पाहिजे."

"मग बनव की तसं विमान," वहिनी म्हणाली. ती थट्टेत म्हणाली होती. पुढे कित्येकदा तिनं स्वतःला विचारलं असेल, की त्या दिवशी आपण भाजीचंच काहीतरी बोललो असतो तर?

दादानं घास खाली ठेवला. "बनवू," तो म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "तुझं आयुष्य गेलं छताला लटकणारी पाती फिरवण्यात. आता आपल्याला घेऊन उडेल असं काहीतरी कर."

धाकटीनं लग्न केलं नव्हतं. वरच्या मजल्यावर राहायची, जेवायला खाली यायची. कारखान्यात पंख्यांची पाती आखण्याचं काम तिचं. पातं कुठे थरथरतं, का थरथरतं, कुठे जरासं वजन कमी केलं की शांत होतं, हे तिला ऐकूनच कळायचं. पण विमान म्हणजे वेगळं प्रकरण. पुढचं वर्षभर ती सुट्टीच्या दिवशी पुस्तकांत डोकं घालून बसली आणि दादा तिच्या डोक्याशी येरझाऱ्या घालत बोलत राहिला. दोघांत ठरलं ते असं: दोन माणसांचं, हलकं, वर पंख असलेलं विमान. धड पोलादी नळ्यांचं, पंख लाकडी फासळ्यांचे, वर ताणून बसवलेलं कापड. डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा, मध्ये कोपराला कोपर लागेल एवढंच अंतर. दोघांपुढे एकेक कंट्रोलचा दांडा आणि दोन्ही दांडे सीटखालून जाणाऱ्या एका आडव्या नळीनं जोडलेले. एकानं हलवला की दुसऱ्याचाही हलतो. शिकणाऱ्याचा हात कसा चाललाय ते शिकवणाऱ्याला आपल्या तळहातात कळावं म्हणून.

"उजवी माझी," दादा म्हणाला. "आत्ताच सांगून ठेवतो. तू डावीकडे बसायचं, शिकायला."

जागा मिळाली ती धावपट्टीलगतच्या एका बंद पडलेल्या शीतगृहाची. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, आणि हवा दमट झाली की वर्षांपूर्वी साठवलेल्या बटाट्यांचा वास अजून यायचा. तिथे बाहेरचा आवाज आत येत नसे. आतला मात्र भिंतींना लागून परत यायचा, त्यामुळे एक माणूस काम करत असला तरी दोघं आहेत असं वाटायचं. मदतीला एक वेल्डर होता. त्याला सगळे ठिणगी म्हणत, एक तर धंद्यावरून आणि दुसरं म्हणजे तो कशानंही पटकन पेटायचा म्हणून.

या जातीच्या विमानांना वजनाची मर्यादा कडक. तिघांचंही सगळं भांडण त्या एका गोष्टीवर. दादा नळीला भोकं पाडा म्हणायचा, ठिणगी म्हणायचा नळी उरली कुठे. वहिनी औषधांच्या दुकानात बसायची, तिनं दुकानातला छोटा काटा आणून दिला आणि दादा त्यावर नट-बोल्ट तोलत बसायचा. ठिणगीनं एकदा शेपटीच्या आत खडूनं आपलं नाव लिहिलं, तर दादा ओरडला, "पेन्सिलनं लिही! खडूला वजन असतं!" मग स्वतःच हसत सुटला. ते हसणं भिंतीवरून परत यायचं आणि तो परत आलेल्या हसण्याला पुन्हा हसायचा.

विमान तयार होत आलं तेव्हा दादा पहिल्यांदा उजव्या सीटवर नीट बसला आणि त्याचं डोकं छताला टेकलं.

"हे बघ," तो मान वाकडी करून म्हणाला. "बहिणीनं भावाला मापात घेतलंच नाही."

"तू सरळ बसतोस कधी? माप घेतलं तेव्हा पोक काढून बसला होतास."

छत वर उचलायचं तर सगळंच बदलावं लागलं असतं. दादानं सोपा मार्ग काढला. एका सुट्टीच्या दिवशी ठिणगीला बोलावून त्यानं उजव्या सीटचे चारही पाय दोन बोटं कापून घेतले आणि पुन्हा जोडून घेतले. डावीला हात लावला नाही. धाकटीनं दुसऱ्या दिवशी पाहिलं, खाली वाकून सीट आणि खालच्या नळीच्या मधून बोट फिरवलं, जागा आहे असं म्हणाली. होतीच जागा. बोट सहज जात होतं.

पहिली उड्डाणं दादानं एकट्यानं केली. नियमच तसा. डाव्या सीटवर पोक काढून बसून, उजवी रिकामी ठेवून. विमान असं उडालं की क्लबातले म्हातारे वैमानिक चहा सोडून बाहेर आले. दादा उतरला की धाकटीला एक एक गोष्ट सांगायचा. रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, जरा जड आहे, वळताना नाक थोडं खाली जातं. ती ऐकायची, दुरुस्त करायची. त्या दिवसांत घरात कुणी दुसऱ्या विषयावर बोललंच नसेल.

मग पूर्ण वजनाची चाचणी आली. उजव्या सीटवर माणसाऐवजी वाळूच्या पिशव्या बांधल्या. ठिणगीनं पिशव्यांवर आपली टोपी ठेवली आणि म्हणाला, "दादा, पाहुण्यांना सांभाळून न्या." दादानं जमिनीवर दांडा चारी बाजूंना फिरवून पाहिला. मोकळा होता. दुपार होती, वारा बेताचा. विमान वर गेलं, एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत दादानं उजवीकडे खोल वळण घेतलं.

ते वळण उलगडलंच नाही.

धाकटी खाली उभी होती. वळणाला किती वेळ लागतो हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. पंख तिरपा होतो, मग सरळ होतो. तो सरळ झाला नाही. "उलगड," ती पुटपुटली. "दादा, उलगड की." विमान तसंच तिरपं, गोल गोल, झाडांच्या मागे उतरत गेलं. अगदी नीट, कुणीतरी जिना उतरावा तसं. आवाज नंतर आला आणि धूर त्याच्याही नंतर.

सगळं जळालं. पाहण्यासारखं काही उरलं नाही. चौकशीला आलेले साहेब सभ्य होते, त्यांनी वहिनीला उठू दिलं नाही, पाणीसुद्धा स्वतःच घेतलं. निष्कर्ष एवढाच निघाला की वजन भरलेल्या विमानात वैमानिकानं कमी उंचीवर नको इतकं तीव्र वळण घेतलं. वैमानिकाची चूक.

"त्याची?" वहिनी म्हणाली. "जो रस्ता ओलांडताना माझा हात धरायचा, त्याची?"

त्या दोघींना रडायला तेवढं एक कारण एकत्र मिळालं. बाकी रडणं जिचं तिचं वेगळं होतं.

काही महिन्यांनी धाकटीनं कारखाना सोडला आणि शीतगृहाचं दार पुन्हा उघडलं. ठिणगी न बोलावता आला. तिनं त्याला सांगितलं की तेच विमान पुन्हा करायचं आहे. तेच म्हणजे तेच. एक नळी इकडची तिकडे नाही.

"ताई, काही बदल तर कराल?"

"बदललं तर काय सिद्ध होणार? हेच विमान नीट उडालं, तर दादानं चूक केली नाही हे कळेल."

ठिणगीला हे काही पटलं नाही, पण तो तोंड मिटून कामाला लागला. पुढे चाचणीसाठी जे निवृत्त कॅप्टन ठरले, त्यांनी मात्र पहिल्याच भेटीत बोट ठेवलं. कॅप्टन बुटके, कमी बोलणारे, बोलले की समोरच्याला खुर्ची शोधावी लागे असे.

"मॅडम, विमानही बरोबर होतं आणि माणूसही बरोबर होता, असं तुमचं म्हणणं. मग पडलं काय?"

धाकटी म्हणाली, "तुम्ही उडवाल का, तेवढं सांगा."

"उडवेन. पण घाई करणार नाही."

उजव्या सीटचे पाय जोडताना ठिणगी थांबला. "ही तरी वर घेऊ या ना, ताई. आता कुणाचं डोकं लागणार आहे? कॅप्टन तर उशी मागतील."

"दादाची सीट आहे," धाकटी म्हणाली. "दादाच्या उंचीचीच राहू दे."

त्यावर ठिणगीनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि डाग द्यायला सुरुवात केली.

असं दुसरं विमान उभं राहिलं. पंखांवर कापड चढलं, त्यावर लेपाचे थर बसले, वाळल्यावर टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजायला लागलं. आणि एका दुपारी, ठिणगी चहाला गेला असताना, धाकटी डाव्या सीटवर चढून बसली. दांडा हातात घेतला. हलवला. शेजारचा दांडा हलला.

हलणारच. तिनंच तर जोडला होता. पण त्या जाड भिंतींच्या आत, बटाट्यांच्या जुन्या वासात, रिकाम्या सीटपुढचा तो दांडा आपल्यासारखाच इकडे आला, तिकडे गेला, थांबला. एखादं माणूस आपल्या हाताला हात लावून मुकाट बसलं असावं, तसं वाटलं.

ती रोज बसायला लागली. आधी नुसती. मग बोलायला लागली. "रडर तेव्हा केलं तसंच हलकं ठेवलंय," ती सांगायची. "नाक आता खाली जाणार नाही." आवाज भिंतींवरून परत यायचा तेव्हा तो सगळाच तिचा नसायचा, निदान तिला तसं वाटायचं. एकदा बोलता बोलता ती उजवीकडे कलली, लहानपणी त्याच्या खांद्यावर कलायची तशी, हाताचं कोपर त्याच्या सीटच्या मागच्या कडेवर टेकून, सगळं अंग टाकून. डावा हात दांड्यावरच होता. तो हलवायला गेली आणि दांडा हलला नाही.

कुणीतरी धरून ठेवला होता.

जोरानं नाही. झटका नाही. नुसता धरून ठेवलेला, शिकवणारा शिकणाऱ्याला 'थांब जरा' म्हणतो तसा. ती घाबरून सरळ बसली आणि दांडा मोकळा झाला.

तिला काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. कारखान्यात एखाद्या पोरानं येऊन सांगितलं असतं की यंत्र मध्येच अडतंय, तर त्याच्या हातात बॅटरी देऊन तिनं त्याला यंत्राखाली पाठवलं असतं. पण त्या दुपारी ती खाली उतरली ती सरळ दार ओढून घरी गेली. ठिणगीला बोलली नाही, कॅप्टनना बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, पुन्हा त्याच्याकडे कलली, आणि दादानं पुन्हा धरला. मग ती कलायचं राखून ठेवायला लागली. रोज नाही. फार आठवण आली की. आपण जवळ गेलो की तो धरतो, लांब झालो की सोडतो, हे तिला इतकं दादासारखं वाटलं की तपासून पाहायचा विचारही पाप वाटावा.

कॅप्टननी एकट्यानं उड्डाणं केली, सगळी चोख. आता वजनाची चाचणी आठवड्यावर आली होती. धाकटीचा चेहरा त्या दिवसांत फार निवांत दिसायचा, आणि तेच वहिनीला खुपलं.

"काय झालंय तुला?" जेवताना तिनं विचारलं. "गेल्या महिन्यापर्यंत ताटात चिवडत बसायचीस. आता गालातल्या गालात हसतेस."

धाकटीनं सांगून टाकलं. दादा येतो. शेजारी बसतो. दांडा धरतो.

वहिनीनं वाटी सरकवली, परत जागेवर आणली. मग म्हणाली, "मला नाही दिसत."

"दिसत नाही गं. हाताला कळतं."

"मला हातालाही कळत नाही. त्याच्या उशीला डोकं टेकून झोपते मी. त्याचे शर्ट धुते, वास जाईल म्हणून रडते आणि तरी धुते. मला एकदाही नाही. तुझ्याकडे बरा येतो!" वहिनी चिडली की तिला 'वन्सं' म्हणायची, एरवी धाकटीच म्हणायची. "नेता का, वन्सं, आम्हालाही? आमचाही नवरा होता तो."

दादा गेल्यापासून वहिनी शीतगृहात पाऊल टाकत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान नोकरावर टाकून ती आली. ठिणगीनं तिला पाहिलं आणि काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर पडला. वहिनीनं विमानाकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं नाही, नुसतं विचारलं, "त्याची कुठली?"

"उजवी. पण वहिनी, तिथे कुणी बसत नाही."

"मी काही 'कुणी' नाही."

ती चढून बसली. धाकटी डावीकडे बसली. दोघी कोपराला कोपर लावून, पुढे बंद दार, दोन दांडे. धाकटीनं दांडा हळूहळू फिरवला, वहिनीपुढचा दांडा तसाच फिरला. वहिनीनं त्यावर बोटं टेकली. वाट पाहिली. बाहेरून कसलाही आवाज येत नव्हता.

"बोल ना त्याच्याशी," धाकटी म्हणाली.

"काय बोलू?" वहिनी म्हणाली, आणि मग खरंच बोलली, समोरच्या दाराकडे पाहत. "अहो, आलेय मी."

दांडा मोकळा होता. धाकटी फिरवत राहिली. मोकळाच होता. वहिनीचं तोंड उतरत गेलं, मग लाल झालं.

"नाही ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाहीच. चल, उतरते मी. वेडेपणा आहे सगळा." तिनं एक गुडघा मुडपून सीटच्या मागच्या कडेवर टेकला, त्यावर सगळा भार दिला आणि उठायला लागली.

दांडा धाकटीच्या हातात थांबला.

"आला!" ती ओरडली. "वहिनी, थांब! धरलाय त्यानं, बघ, धरलाय!"

वहिनी दचकून वळली. गुडघा सरकला, भार हलला आणि दांडा सुटला.

"आता सोडला," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

वहिनी तशीच अर्धवट उभी होती. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या बाईची नजर होती तिची, चिठ्ठीवरचं वाईट अक्षर दोनदा वाचायची सवय झालेली. तिनं धाकटीच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे. "दांडा हलवत राहा," ती म्हणाली आणि गुडघा पुन्हा त्याच जागी टेकला.

थांबला.

उचलला. सुटला.

टेकला. थांबला.

"वहिनी, नको," धाकटी म्हणाली. तिला कळलं होतं. कळून चुकलं होतं आणि तरी ती म्हणाली, "नको ना करूस. राहू दे."

वहिनी खाली उतरली, जमिनीवर बसली आणि मान वाकडी करून सीटच्या खाली पाहिलं. "ही खालची नळी," ती म्हणाली. "सीट मागून दबली की तिच्यावर बसते."

धाकटी डाव्या सीटवरच होती, दांड्यावर हात तसाच. डोक्यातलं गणित मात्र थांबत नव्हतं. खोल वळणात माणसाचं वजन दुप्पट होतं, वाळूचंही. जमिनीवर मोकळा असलेला दांडा वर वळणात वाळूखाली दबणार. दादानं उजवीकडे वळण घेतलं, पिशव्या जड झाल्या, सीट दोन बोटं जास्त खाली होती ती नळीवर बसली. त्यानं दोन्ही हातांनी दांडा ओढला असेल. जेवढं वळण घट्ट, तेवढी वाळू जड, तेवढी नळी घट्ट. त्याच्या शेजारी कुणी नव्हतं, ज्याला तो म्हणेल, ऊठ जरा.

"सीट कुणी खाली घेतली?" वहिनीनं विचारलं.

"त्यानं."

"त्याची चूक, म्हणजे."

"मी बोट फिरवून पाहिलं होतं. जागा होती."

"मी तुला नाही विचारत." वहिनी उठली, साडीची धूळ झटकली. "म्हणजे तो आला नव्हता. तुझ्याकडेही."

हे ती समाधानानं म्हणाली की दुःखानं, ते धाकटीला कधीच ठरवता आलं नाही. तिनं तेव्हा एवढंच म्हटलं, "पण थांबवत तर होता."

"नळी थांबवत होती."

"कॅप्टन पुढच्या आठवड्यात बसणार होते, वहिनी. वाळू घेऊन."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग आधारासाठी विमानाच्या दाराची चौकट धरली.

ठिणगीला सांगितलं तेव्हा तो पेटला नाही. भिंतीशी जाऊन बसला आणि म्हणाला, "पाय मीच कापले. दोन्ही वेळा मीच." धाकटी त्याच्याशेजारी जाऊन बसली. समजूत घालण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, तिलाच कुणीतरी घालायला हवी होती. कॅप्टननी सगळं ऐकून घेतलं, स्वतः खाली वाकून पाहिलं, उठले आणि रुमालानं हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाल्यावरही. "बरं झालं, घाई केली नाही," एवढं म्हणाले.

चौकशीवाल्या साहेबांना कळवायचं की नाही, यावर घरात दोन दिवस अबोला होता. धाकटीला वाटत होतं, कशाला? तेव्हाही चूक त्याचीच म्हणाले, आताही त्याचीच म्हणतील. वहिनी म्हणाली, "चूक लिहायचीच तर खरी लिहू देत. त्यानं वळण चुकवलं नाही. वळण त्याला येत होतं." साहेब पुन्हा आले, गुडघा टेकवून पाहिला, जुन्या निष्कर्षाला सीटखाली नळी अडल्याची जोड दिली. वहिनीनं या वेळी त्यांना पाणी दिलं.

मग धाकटीनं विमान बदललं. सीट वर घेतली, नळी दुसरीकडून फिरवली, वर पोलादी पट्टीचं कवच बसवलं. त्या पट्टीचं वजन भरून काढायला तिनं कुठे कुठे भोकं पाडली ते ठिणगीलाच ठाऊक. कॅप्टननी वाळू घेऊन वळणं घेतली, उजवी, डावी, खोल, आणखी खोल. ती सगळी उलगडली. धाकटीनं त्यातलं एकही पाहिलं नाही. ती खाली मान घालून इंजिनाच्या आवाजावरून मोजत राहिली. मंजुरी मिळाली. एका फ्लाइंग स्कूलनं विमान घेतलं, मग आणखी मागितली, आणि शीतगृहात पुन्हा तिघा-चौघांचा आवाज व्हायला लागला.

सुटली का ती त्यातून? लोकांना वाटतं सुटली. प्रत्येक नवं विमान तयार झालं की ती स्वतः डावीकडे बसते आणि उजव्या सीटवर सगळं अंग टाकते. कोपर, खांदा, सगळा भार. चाचणी म्हणून चांगलीच आहे, कागदोपत्रीही तशीच लावली आहे. दांडा मोकळा फिरतो. शीतगृहातले लोक मान डोलावतात. फक्त ठिणगी तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहत नाही, कारण एकदा पाहिलं होतं. दांडा अडला नाही म्हणून इतकं उतरलेलं तोंड त्यानं दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

वहिनीला विमानात बसायचंय, हे तिनं एका सकाळी चहा गाळताना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. कॅप्टन तिला घेऊन गेले. दुपार होती, वारा बेताचा. धाकटी धावपट्टीच्या कडेला उभी राहिली, गवताकडे पाहत. विमान झाडांच्या वरून गेलं, फिरलं, परत आलं. उतरलं. वहिनी खाली उतरताना कॅप्टनच्या हाताला धरून उतरली, पण पाय जमिनीला लागल्यावर हात लगेच सोडला.

दोघी शीतगृहाकडे चालायला लागल्या.

"ती जागा दिसली," वहिनी म्हणाली. "झाडांमागची. वरून वेगळी कळते. तिथलं गवत जास्त हिरवं आहे."

धाकटी तिथे कधी गेली नव्हती. "भीती वाटली?"

"वाटेल असं वाटलं होतं." वहिनी थोडी चालली. "कॅप्टन म्हणाले, चला खाली. मी म्हटलं, आणखी एक चक्कर मारा. मग आणखी एक म्हटलं. ते बिचारे मारत राहिले."

"मग?"

"मग काय. मला उतरावंसंच वाटत नव्हतं," ती म्हणाली आणि जागच्या जागी थांबली, जणू हे वाक्य दुसऱ्याच कुणीतरी बोललं होतं.